टी-३४, स्तालिनग्राद १९४२ (१:३५): चिकटवायला बसण्याआधी विचारून घेतो

चिमटा_आणि_भिंग

मंडळी, नमस्कार.

टेबलावर टी-३४/७६ चं (७६ मिमी तोफेचा सोव्हिएत रणगाडा) १:३५ मापाचं मॉडेल किट येऊन पडलंय. खोक्यावर नुसतं '१९४२' लिहिलंय. आत चाकांचे दोन संच आहेत, एक रबरी धावेचा आणि एक अख्खा लोखंडी. टरेटही (तोफ बसवलेला वरचा फिरता भाग) दोन. ट्रॅकसुद्धा (चाकांवरून फिरणारे साखळीपट्टे) दोन प्रकारचे: व्हिनाइलचा अखंड पट्टा आणि सुट्या कड्यांची पिशवी. निम्मे भाग शेवटी सुट्या भागांच्या डब्यात जाणार हे ठाऊक आहे, पण कुठले निम्मे, तेच ठरत नाहीये.

मला करायचाय तो स्तालिनग्रादच्या ट्रॅक्टर कारखान्याचा रणगाडा, १९४२ च्या उन्हाळ्याच्या शेवटचा, शहराच्या उत्तरेकडचा. कारखान्यातून थेट लढाईत गेलेले टँक बिनरंगी होते असं कुठे कुठे वाचायला मिळतं. म्हणून डोक्यात आहे की अर्धा टँक नुसत्या लोखंडाच्या रंगात ठेवावा. खाली चांदी, वर गंज. दिसेल झकास, पण पटेल का?

दुसरं, ओतीव भागांचा खडबडीतपणा कसा आणता? आणि वेल्डिंगचे टाके? किटमधले टाके इतके नीटस आहेत की तेच डोळ्यांना खुपतात.

तिसरं, टरेटचं झाकण उघडं ठेवायचं मनात आहे. आतलं किती करावं लागेल? इंजिनापर्यंत सगळं आतून बांधायची हौस नाही.

अजून एकही भाग चिकटवलेला नाही, तेव्हा मोकळेपणानं सांगा.


गंजप्रेमी

बिनधास्त करा! बिनरंगी टँक म्हणजे आपल्यासारख्यांना पर्वणीच. माझी पद्धत सांगतो. प्रायमरवर गडद तपकिरी, त्यावर स्पंजनं दोन-तीन नारिंगी छटा ठोकायच्या. वाळलं की हेअरस्प्रेचे दोन हलके हात. त्यावर हिरवा ॲक्रिलिक, पातळ. रंग हाताला कोरडा लागला की लगेच पाण्यानं भिजवलेला ताठ ब्रश घेऊन खरवडायला बसा. जिथे पाणी हेअरस्प्रेपर्यंत पोचतं तिथे हिरवा सुटतो आणि खालचा गंज दिसतो. फार उशीर केलात तर सुटत नाही.

संदर्भाला स्मारकांवरच्या टँकचे फोटो बघा. चौथऱ्यावर उभे असतात ते. काय एकेक छटा असतात गंजाच्या!


जुना_फिटर

चिमटासाहेब, मी रंगारी नाही. माझी नोकरी फॅब्रिकेशन शॉपमध्ये गेली: जाड प्लेट गॅसनं कापायची, बेव्हल (तिरपी कड) काढायचा, फिट-अप करून, म्हणजे तुकडे जागच्या जागी जुळवून, वेल्डरच्या ताब्यात द्यायची. मॉडेलं त्यानंतर आली. त्यामुळे मी किटचा कुठलाही भाग हातात घेतला की पहिला प्रश्न हाच पडतो की खऱ्या टँकवर हा भाग कुणी केला, कशानं केला आणि किती घाईत केला. टी-३४ च्या बाबतीत हा प्रश्न विचारलात की निम्म्या शंका जागच्या जागी मिटतात.

कारण टी-३४ हा एक टँक नाहीच. खारकोव्हचा १८३ नंबरचा कारखाना १९४१ च्या शरदात उचलून निझ्नी तागिलला नेला. गॉर्कीला ११२ नंबर. शिवाय चेल्याबिन्स्क, स्व्हेर्दलोव्स्क, ओम्स्क, आणि तुमचं स्तालिनग्राद. ड्रॉइंग एक, पण ज्याच्याकडे जे मशीन आणि जो माल, तसा त्याचा टँक. खोक्यावर वर्ष लिहून भागत नाही, कारखाना लिहायला हवा.

आता तुमच्या खोक्यातले दोन टरेट. एक सहा कोनी असेल, वर दोन गोल झाकणं. दोन्ही उघडी असली की समोरून जे दिसतं त्यावरून जर्मनांनी त्याला मिकी माउस म्हटलं. तो ठेवून द्या, पुढच्या टँकला लागेल. स्तालिनग्रादनं शेवटपर्यंत जुना, एकाच मोठ्या झाकणाचा टरेट काढला. तोफेच्या बुडाशी जे चिलखती आवरण असतं त्याचा पुढचा भाग स्तालिनग्रादच्या टँकवर छिन्नीसारखा निमुळता, धारदार असतो. किटमध्ये तो गोलसर असेल तर प्लॅस्टिक शीट चिकटवून कानस मारावी लागेल. अर्ध्या संध्याकाळचं काम आहे, टाळू नका, कारण समोरून बघणाऱ्याची नजर पहिली तिथेच जाते.

चाकं लोखंडी घ्या. रबराचा तुटवडा होता, म्हणून धावेवरचं रबर काढून थोडं रबर आत, हबच्या बाजूला ठेवलं, धक्का सोसण्यापुरतं. असा टँक चालताना आवाज आणि हादरा दोन्ही भयंकर. तागिलवाले पहिलं आणि पाचवं चाक रबरी धावेचं, मधली तीन लोखंडी, असंही बसवायचे, ते हादरा जरा कमी व्हावा म्हणून. ही सरमिसळ दिसायला छान असते म्हणून पुष्कळ जण कुठल्याही टी-३४ ला करतात. तुम्ही करू नका.

रंगवताना याचा फरक कुठे पडतो बघा. रबरी धाव असती तर ती मळकट, काळपट करडी रंगवून सोडून दिली असती. इथे लोखंड लोखंडावर फिरतंय. म्हणून चाकाची धाव घासून उजळ झालेली, आणि ट्रॅकच्या आतल्या अंगाला, मधल्या दाताच्या दोन्ही बाजूंना, दोन उजळ पट्टे. याला चांदीचा रंग लावू नका. ४बी पेन्सिल पॉलिश पेपरवर घासा, ती पूड बोटानं चोळा. शिशाला जी काळसर चमक असते तीच घासलेल्या पोलादाची.

आता माझ्या आवडीचा भाग. प्लेटांच्या कडा.

बॉडीची समोरची प्लेट ४५ मिमी जाड, उभ्या रेषेपासून ६० अंश कललेली. १:३५ ला ४५ मिमी म्हणजे १.३ मिमी. शांततेच्या काळात गॅसनं कापलेली कड मशीनवर घेऊन साफ करतात. १९४२ ला हा टप्पाच गाळला होता. कापली तशी जोडली. गॅस कटिंगच्या कडेवर उभ्या रेघा असतात, खालच्या टोकाला किंचित मागे ओढलेल्या, कारण टॉर्च पुढे सरकत असतो आणि ज्योत खाली पोचेपर्यंत मागे पडते. कापणाऱ्याचा हात थांबला तिथे एक खोल खाच. हे मॉडेलवर आणायला ब्लेडची धार नको, पाठ घ्या, आणि उघड्या कडांवर बारीक रेघा ओढा. अंतर सारखं ठेवू नका. मग पातळ सिमेंटचा (प्लॅस्टिक विरघळवणाऱ्या मॉडेलच्या गोंदाचा) एक हात फिरवा म्हणजे उठलेलं प्लॅस्टिक बसतं.

स्तालिनग्रादच्या बॉडीवर समोरच्या आणि बाजूच्या प्लेटा खाचा पाडून एकमेकींत अडकवलेल्या असतात. तुमच्या किटवर तो सांधा सरळ असेल तर बॉडी दुसऱ्या कारखान्याची आहे असं समजा आणि खाचा कोरा. फोटो समोर ठेवूनच कोरा.

टाके. किटमधले टाके नीटस वाटतात म्हणालात, बरोबर आहे. असे एकसारखे, न थांबता गेलेले टाके असतातही, पण ते ऑटोमॅटिक वेल्डिंगचे. येव्गेनी पातोन या वेल्डिंगतज्ज्ञाची संस्था कीव्हहून निझ्नी तागिलला हलवली होती, आणि फ्लक्सच्या (सांधा झाकणाऱ्या पुडीच्या) थराखाली चालणारं ऑटोमॅटिक वेल्डिंग त्यांनी तिथे टँकच्या बॉडीवर बसवलं. तेव्हा नीटस टाका तागिलच्या लांब सांध्यांवर शोभेल. तुमच्या टँकवर मी हाताचाच टाका काढेन.

हाताचा टाका म्हणजे नुसता ओबडधोबड नव्हे. वेल्डर कसबीच असतो, पण रॉड संपतो. जाड प्लेटवर एक रॉड साधारण वीतभर जातो. रॉड संपला की तिथे एक छोटा खड्डा राहतो, पुढचा टाका त्यावर थोडा चढून सुरू होतो. खऱ्या टँकवर वीतभर म्हणजे मॉडेलवर ५-६ मिमी. तेव्हा साधारण तेवढ्या अंतरावर थांबा दाखवा. दोन भागांच्या इपॉक्सी पुटीची ०.६ मिमी जाडीची वळी करा, सांध्यात पाण्याच्या बोटानं बसवा आणि बोथट सुईनं चंद्रकोरी दाबत जा. एका सांध्यावर सगळ्या चंद्रकोरींचं तोंड एकाच दिशेला. मध्येच दिशा उलटली तर नुसता खडबडीत दोरा दिसतो. किटमधले टाके आधी छिन्नीच्या ब्लेडनं खरवडून काढा, त्यावर पुटी चढवू नका, सांधा फुगतो.

ओतीव भागांसाठी ५०० नंबरचा सरफेसर (जाड प्रायमर), तोकडा ताठ ब्रश, आणि ठोकत जायचं. अर्धवट वाळला की परत ठोका. पूर्ण वाळल्यावर ६०० च्या पॉलिश पेपरनं वरवर, फक्त शेंडे कापायचे. साच्याचे दोन भाग जुळतात ती शिवण ठेवा, किटवाल्यांनी दिली असेल तर ती चूक समजून घासू नका. रायझर (ओतकामात वर राहणारा जादा धातूचा खुंट) जिथून कापतात तिथे गॅस कटिंगचा सपाट ठसा असतो, तोही ठेवा. पण आधी तुमच्या टँकचा टरेट ओतीव आहे की प्लेटा जोडून केलेला आहे ते फोटोवरून ठरवा. लाटलेल्या प्लेटेला सरफेसर ठोकलेली मॉडेलं बघितली की माझा जीव वरखाली होतो. लाटलेली प्लेट गुळगुळीत असते हो.

रंगाचं नंतर लिहितो, हात दुखला.


कडी_कडी_जोडणारी

फिटरकाका, वेल्डिंगचं इतकं सविस्तर कुणी लिहिलेलं पहिल्यांदाच वाचलं. धागा जपून ठेवतेय.

ट्रॅकबद्दल मी सांगते, तो माझा प्रांत. व्हिनाइलचा पट्टा घेऊ नका. एरवी मी त्याच्या विरोधात नाही. बाजूला झालर असलेल्या टँकवर वरचा भाग झाकलेलाच असतो, तिथे चालून जातो. टी-३४ ला मात्र वरचे आधाराचे रोलरच नाहीत. ट्रॅक वरून येताना थेट मोठ्या चाकांच्या डोक्यावर लोळत येतो, आणि दोन चाकांच्या मध्ये झोळ पडतो. व्हिनाइलला वजन नसतं, तो तणावानं सरळ उभा राहतो. अख्खा टँक हवेत तरंगल्यासारखा दिसतो.

सुट्या कड्यांत एक दाताची, एक सपाट, असा क्रम येतो. मी सगळ्या पातळ सिमेंटनं एका सरळ पट्टीवर जोडते, सिमेंट अजून ओलसर असतानाच चाकांवर गुंडाळते आणि झोळाच्या जागी कापसाचे बोळे दाबून रात्रभर ठेवते. दुसऱ्या आणि तिसऱ्या चाकामधलं अंतर जरा जास्त असतं, तिथला झोळ थोडा खोल ठेवा. मागचं चाक ओढणारं असतं, त्यामुळे टँक पुढे जाताना खालचा भाग ताणलेला आणि वरचा ढिला. शेवटच्या चाकापासून ओढत्या चाकाकडे ट्रॅक वर चढतो तो तुकडा ताठ ठेवा, तिथे झोळ दाखवू नका.

एक गंमत दाखवते. टी-३४ च्या ट्रॅकच्या पिनांना बाहेरच्या बाजूनं काहीच अडकवलेलं नसतं. पिनेचं डोकं आतल्या, म्हणजे बॉडीकडच्या बाजूला. चालता चालता पिना आत सरकतात, आणि मागच्या ओढत्या चाकाजवळ बॉडीला एक उतरती पोलादी पट्टी वेल्ड केलेली असते, तिच्यावर डोकं आपटून पिन परत जागेवर जाते. प्रत्येक फेरीला, प्रत्येक पिन! किटमध्ये ही पट्टी बहुतेक असते, पण जोडून झाल्यावर चाकामागे लपते म्हणून लोक तिला नुसता हिरवा रंग मारतात. ती घासून लखलखीत असणार. वाकून मागून पाहिलं तर दिसते, आणि जाणकार वाकतातच.

ट्रॅकची रुंदीही तपासा. आधीचा ट्रॅक ५५० मिमीचा, १९४२ पासून ५०० मिमीचाही आला. १:३५ ला १५.७ आणि १४.३. कॅलिपर लावला की लगेच कळतं पिशवीत काय आलंय. मग तुमच्या फोटोतल्या टँकशी ताडून बघा.


चिमटा_आणि_भिंग

बापरे, ताट भरून दिलंत. फिटरकाका (आता मीही काकाच म्हणतो), टरेट आणि चाकं ठरली. सांधा तपासला, सरळच आहे, म्हणजे खाचा कोरणं आलं. कॅलिपर लावला, सुट्या कड्या १४.३ भरतात.

पण बिनरंगी टँकचं काय? आणि स्मारकांवरच्या टँकचे फोटो संदर्भाला घेऊ का, गंजप्रेमी म्हणतात तसे?


जुना_फिटर

स्मारकांवरचे टँक आकारासाठी बघा, रंगासाठी नको. चौथऱ्यावरच्या टँकला युद्धानंतर किती वेळा आणि कुठल्या डब्यातला रंग लागला याचा हिशेब नसतो. पुष्कळांची चाकंसुद्धा युद्धानंतरच्या दुरुस्तीत बदललेली असतात. तिथला गंज हा दशकांच्या पावसाचा गंज आहे.

आता तुमच्या टँकचा काळ बघा. २३ ऑगस्ट १९४२ ला जर्मनांची १६ वी पँझर (रणगाड्यांची) डिव्हिजन शहराच्या उत्तरेला रिनोकजवळ व्होल्गाच्या काठाला पोचली. ट्रॅक्टर कारखाना तिथून हाकेच्या अंतरावर. ऑक्टोबरच्या मध्याला कारखानाच जर्मनांच्या हातात गेला. तुमचा टँक या दरम्यानचा. त्याचं आयुष्य आठवड्यांत मोजायचं. तेवढ्यात चिलखताला खड्डे पडणारा गंज कुठून येणार? रंग निघेल, ओरखडे पडतील, ओरखड्यात तांबूस झाक येईल, बस. तीन आठवड्यांच्या टँकवर तीस वर्षांचा गंज चढवणं म्हणजे तान्ह्या पोराला पांढरी दाढी लावणं.

बिनरंगीचं म्हणाल, तर कृष्णधवल फोटोत धुळीनं माखलेला हिरवा आणि धुळीनं माखलेलं लोखंड यात फरक करता येत नाही. मी करायचाच म्हटलं तर अख्खी बॉडी हिरवी ठेवून एखादा भाग, समजा बदललेलं मडगार्ड किंवा एखादं झाकण, बिनरंगी दाखवीन. आणि तेव्हाही चांदी नाही. मिलमधून आलेली प्लेट चांदीसारखी नसतेच. गरम लाटताना तिच्यावर निळसर काळी पपडी धरते, ती तशीच राहते. चकाकतं ते फक्त ग्राइंडर फिरलेलं किंवा नुकतं घासलेलं. टाक्याच्या दोन्ही बाजूंना उष्णतेनं रंग बदललेला पट्टा असतो, टाक्याकडून बाहेर जाताना आधी करडा, मग जांभळट निळा, मग पेंढ्यासारखा पिवळट. हा पट्टा तेलरंगानं दोन-दोन मिमीत हलका ओढलात तर बघणाऱ्याला बिनरंगी लोखंड आहे हे सांगावं लागणार नाही. उघड्यावर एक रात्र दव पडलं की वर नारिंगी धूळ बसल्यासारखा गंज येतो, बोट फिरवलं तर बोटाला लागणारा. तोही पिगमेंटनं (रंगाच्या कोरड्या पुडीनं), अगदी थोडा.

हिरव्यासाठी ४बीओ (सोव्हिएत लष्करी हिरवा) म्हणून मिळतो तो घ्या. एकाच नावाखाली बाजारात पाच छटा आहेत, त्यावरून लोक भांडतात, मी भांडत नाही. छोट्या आकारावर गडद रंग आणखी गडद दिसतो, म्हणून थोडा पिवळट फिका मिसळून घेतो. उताराच्या प्लेटांवर जरा जास्त, खालच्या बाजूला अजिबात नाही.


गंजप्रेमी

काका, तुम्ही तर माझ्या पोटावर पाय आणला. :) तोफ बाहेर काढून बसलो होतो, तिला तरी गंज चालेल ना?


जुना_फिटर

तोफेला नाही. एक्झॉस्टला चालेल. मागच्या प्लेटेतून दोन नळ्या बाहेर येतात, त्यांच्यावर चिलखती टोप्या. १२ सिलिंडरचं, ५०० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन आहे आत, नळीवरचा रंग पहिल्याच दिवशी जळतो. तिथे तुमची सगळी हौस फेडा. मागच्या प्लेटेवर काजळीही येऊ द्या.


कडी_कडी_जोडणारी

गंजाचा विषय निघालाच आहे तर: एस्टोनियात कुर्तना इथल्या तळ्यातून सप्टेंबर २००० मध्ये एक टी-३४ बुलडोझरनं ओढून काढला होता. जर्मनांनी पकडून वापरलेला, १९४४ पासून चिखलात रुतलेला. बाहेर आला तेव्हा त्याच्यावरचे जर्मन क्रॉस वाचता येत होते. ५६ वर्षं!


गंजप्रेमी

तळ्यात होता तरी? पाण्यात तर जास्त गंजायला हवा होता.


जुना_फिटर

हवा मिळाली तर. तळाच्या दाट चिखलात ऑक्सिजन नाही, म्हणून गंज नाही. लोखंड पाण्यानं एकट्यानं गंजत नाही, पाणी आणि हवा दोन्ही लागतात.

तेव्हा गंज सोडा आणि धुळीकडे वळा. ऑगस्ट-सप्टेंबरची कोरडी स्टेप (गवताळ माळरान). चिखल नव्हे, धूळ, फिकी, पिठूळ. ती सगळीकडे सारखी फवारू नका. ती बसते आडव्या जागांवर, मडगार्डवर, टरेटच्या पुढच्या खोबणीत, इंजिनाच्या जाळीभोवती. आणि निघते माणसांच्या बुटांनी. ड्रायव्हरचं झाकण समोरच्या उतरत्या प्लेटेत आहे. पुढे बसणाऱ्या मशीनगनवाल्याला स्वतःचं झाकणच नाही, तोही तिथूनच ये-जा करतो. म्हणजे त्या झाकणाच्या कडेवर दोन माणसांचे बूट, ढोपरं, पट्ट्याचे बक्कल रोज घासणार. तिथे धूळ पुसलेली, रंग गुळगुळीत झालेला, कड उजळ. तिथून टरेटवर चढायची वाट जिथून पडेल तिथेही तसंच. डिझेल भरायच्या झाकणाभोवती धूळ ओली होऊन काळपट डाग पडतो आणि उतारावरून खाली ओघळतो. हा डाग तेलरंगात थोडा चकचकीत व्हार्निश घालून करा, कारण डिझेल सांडलेली जागा मॅट दिसत नाही. बाकीचा सगळा टँक मॅट, एवढाच डाग ओलसर.

मडगार्डबद्दल एक राहिलं. किटमधलं मडगार्ड १ मिमी जाड असेल तर खऱ्या टँकवर ते ३५ मिमीचं झालं. खऱ्यातलं साधा पत्रा आहे. मागून कड घासून पातळ करा, किंवा पितळी पत्र्याचं लावा आणि पुढचं टोक थोडं वाकवा. चिलखताची प्लेट वाकत नाही, पत्रा वाकतो. हा फरक दिसला पाहिजे.


टरेटमधला_तिसरा

आतल्या भागाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. तुमच्या टरेटचं झाकण एकच आणि प्रचंड मोठं आहे, पुढच्या बाजूला उघडतं. उघडलंत की आत बरंच दिसणार. कमांडरला ते झाकण उघडं ठेवलं की समोरचं काही दिसत नसे, हा त्या टँकचा नेहमीचा ताप होता, आणि तोफही त्यालाच मारायची असे, कारण टरेटमध्ये माणसं दोनच. तो डावीकडे, लोडर (तोफेत गोळे भरणारा) उजवीकडे.

इंजिन, गिअरबॉक्स विसरा. दिसतो फक्त तोफेचा मागचा भाग, दोन बैठका, टरेटच्या भिंतींवरचे काही खण आणि खालची फरशी. टी-३४/७६ ला टरेटबरोबर फिरणारी फरशी नव्हती. बहुतेक तोफगोळे बॉडीच्या तळाशी पेट्यांमध्ये, वर रबरी चटई. लढाईत लोडर चटया उलटून खालून गोळे काढायचा, म्हणजे जमीनच उघडी पडायची पायाखाली. एक चटई बाजूला सारून खाली दोन पेट्या उघड्या दाखवा. तेवढ्यावर काम भागतं आणि नुसत्या रिकाम्या डब्यापेक्षा शंभर पटींनी बरं दिसतं.

भिंती पांढऱ्या, पण हात लागतात तिथे मळलेल्या. झाकणाची आतली बाजू मात्र उघडल्यावर बाहेरून दिसते, ती पांढरी ठेवायची की हिरवी हे तुमच्या फोटोवर ठरवा.


चिमटा_आणि_भिंग

सगळ्यांचे आभार. काल रात्री सरळ सांधा कोरून खाचा पाडल्या, एक बाजू झाली. उद्या दुसरी, मग कडांवर रेघा. पुटीची वळी मला अजून ०.६ मिमीची जमत नाहीये, जाडच होते. काही युक्ती?


जुना_फिटर

दोन काचांच्या मध्ये लाटा, बोटानं नको. काचेला टाल्कम पावडर. खाली दोन्ही कडांना ०.६ मिमी जाडीच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या ठेवा, म्हणजे वरची काच त्याखाली जाणारच नाही. पुटी कालवल्यावर थोडी थांबून घ्या, ताजी चिकटते.

आणि चिकटवण्याआधी तोफेचं तोंड ड्रिल करा. ७६.२ मिमीची नळी आहे, २.२ मिमीचा बिट लागेल. आधी सुईनं मध्यावर खूण, मग १ मिमी, मग वाढवत जा. थेट २.२ घातलात तर एका बाजूची भिंत फाटते.